रंगमंचावरचा पठाण आणि खुर्चीतला परकार

छापखान्यात पूर्वी एक सोय असे. ज्या पुस्तकाच्या प्रती पुनःपुन्हा काढायच्या त्याचे खिळे दरवेळी नव्याने जुळवायला नकोत, म्हणून जुळवलेल्या सबंध पानाचा साचा घ्यायचा, त्यात शिशाचा रस ओतायचा आणि एकसंध ठोकळा काढून ठेवायचा. या ठोकळ्याला इंग्रजीत ‘स्टिरिओटाइप’ म्हणत. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली आपल्या ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात हा शब्द छापखान्यातून उचलला आणि माणसांच्या डोक्यातल्या तयार चित्रांना लावला. मराठीत आपण ‘ठोकळेबाज’ म्हणतो, तेव्हा हा छापखाना आपल्या लक्षातही नसतो. तो असायला हवा. कारण ज्या गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ साली उभा राहिला, खिळे ओतले गेले, मराठी पुस्तकाला देखणे रूप मिळाले, त्याच गल्ल्यांच्या आसपास मराठी नाटकाचा प्रेक्षकही घडला. आणि त्या प्रेक्षकासाठी मुसलमानाचे जे पान एकदा जुळवले गेले, त्याचा ठोकळा करून ठेवण्यात आला. ठोकळ्याची अडचण अशी की त्यातले एखादे अक्षर चुकीचे आहे हे कळले तरी ते सहजासहजी उचलून बदलता येत नाही.

मराठी रंगभूमीवरचा आणि बोलपटांतला ठोकळेबाज मुसलमान आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याचे नाव बहुधा खान. तो एक तर पठाण सावकार असतो किंवा तलवार घेतलेला सरदार, फार झाले तर अत्तराचा फाया कानात घातलेला रंगेल नवाब. तो ‘हमको’, ‘तुमको’ बोलतो. मराठी बोललाच तर लिंग-वचनाची मोडतोड करीत बोलतो आणि तेवढ्यावर हशा मिळतो. प्रहसनात तो हशासाठी, ऐतिहासिक नाटकात टाळीसाठी. या दोहोंच्या मध्ये जे अफाट साधे आयुष्य असते, म्हणजे रेशनकार्ड, मुलीचे लग्न, गावच्या घराची गळकी कौले, भावकीचा दावा, त्यात तो क्वचितच दिसतो.

आता न्यायाने बोलायचे तर पठाण ही काही नाटककारांच्या डोक्यातून निघालेली भुताटकी नव्हे. गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात दंडुका घेऊन उभा राहणारा पठाण सावकार खरोखर होता, आणि लालबाग-परळच्या खोल्याखोल्यांतून त्याच्या व्याजाचा धाकही खरा होता. पण एका खऱ्या माणसावरून ठोकळा ओतला गेला की पुढे काय होते, ते मुंबईने १९२९ च्या फेब्रुवारीत पाहिले आहे. त्याआधी तेल कंपनीच्या संपात संपकऱ्यांच्या जागी पठाण कामाला लावले गेले होते, त्याचा राग कामगारवस्तीत होता. त्यात अफवा उठली की पठाण लहान मुले पळवतात. मुले पळवल्याचा पुरावा कोणी मागितला नाही. दंडुका, दाढी, सैल सलवार एवढी खूण पुरेशी ठरली. प्रारंभी पठाणांवर हल्ले झाले, आणि पाहता पाहता ते प्रकरण सरळ हिंदू-मुसलमान दंगलीत गेले. शंभराहून अधिक माणसे मेली. सावकाराविषयीचा राग रास्त होता. तो राग ठोकळ्यावर काढला गेला आणि ठोकळ्याखाली भलतीच माणसे सापडली. म्हणून या विषयाकडे ‘नाटकातल्या गमतीजमती’ म्हणून पाहणे मला जमत नाही.

निर्मात्यांना विचारा, उत्तर ठरलेले. ‘आमच्या प्रेक्षकाला हेच कळते. खान हिंदी बोलला नाही तर तो खान आहे हे लोकांना समजणार कसे?’ म्हणजे त्यांनी प्रेक्षकाचा अभ्यास केलेला आहे! व्यवसायात हे करावेच लागते. ज्याला आपला श्रोता माहीत नाही त्याने बोलायला उभे राहू नये. पण हा अभ्यास नेमका कोणाचा? साहित्य संघ मंदिरात किंवा शिवाजी मंदिरात पहिल्या पाच रांगांत बसणाऱ्यांचा? की तिकीटखिडकीच्या आतून जेवढा दिसतो तेवढ्यांचा? गिरगावातून चालत निघाले तर खेतवाडी ओलांडून काही मिनिटांत आपण नळबाजार-भेंडीबाजारात असतो. डोंगरी, माझगाव, नागपाडा या वस्त्यांत रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परकार, मुकादम, दलवाई, चौगुले, सरखोत, तांबे अशी त्यांची आडनावे. आजीशी ते ज्या बोलीत बोलतात ती राजापूर-खेडच्या कोणाही हिंदू शेजाऱ्याला विनासायास कळते. हा माणूस नाटकाला जातही असे, आणि खुर्चीत बसून मंचावर आपल्या नावाचा भलताच माणूस पाहत असे. शेजारचा हसला की त्यालाही हसावे लागे. या परकाराला प्रेक्षक म्हणून कोणी मोजले नाही.

मोजायचे म्हटले तर आकडे हाताशी आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख, आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. उरलेले पन्नास लाखांहून अधिक लोक कोणती भाषा बोलतात? त्यांत हिंदी आणि गुजराती बोलणारे असतील, तेलुगू-कानडीही असतील. पण मराठी आणि कोकणी बोलणारा मोठा समूह त्यांत आहे हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. आणि ज्यांनी उर्दू लिहिली त्यांतलेही बहुतेक बाजारात, कचेरीत, शेतात मराठीतच व्यवहार करतात. एवढ्या प्रेक्षकांना वगळून केलेल्या अभ्यासाला अभ्यास म्हणायचे का, हा प्रश्न धंद्याच्या भाषेतही विचारता येईल.

आपल्याकडे श्रोत्याची जाण नव्हती असे मात्र नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. त्यात तुर्क दखनीत बोलतो आणि हिंदू मराठीत. दोघेही एकमेकांच्या धर्मातल्या गोष्टींची भरपूर खिल्ली उडवतात आणि अखेरीस एकमेकांना आलिंगन देतात. दखनी तिथे हशासाठी आलेली नाही. पैठणच्या श्रोत्यांना दोन्ही भाषा कळत होत्या, आणि त्या श्रोत्यांत तुर्कही असू शकतो, हे एकनाथांनी गृहीत धरले होते. भारूडकाराने जे गृहीत धरले ते विसाव्या शतकातल्या नाट्यनिर्मात्याला धरता आले नाही. पेशवाईत तमाशाच्या फडात सगनभाऊ उभा राहत असे. जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार. होनाजी, रामजोशी, प्रभाकर यांच्या पंगतीत त्याचे नाव घेतले जाते. त्याच्या लावणीपुढे माना डोलावणाऱ्या पुणेकरांनी ‘हा मराठी कसा?’ असे विचारल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

संगीत रंगभूमीच्या वैभवाच्या काळात तर मोठी विचित्र गोष्ट घडत होती. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. प्रेक्षक त्यांच्या नावावर तिकिटे काढीत, त्यांच्या तिहाईला वन्समोअर देत. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले, मिरजेचेच झाले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मराठी रंगभूमीवर गाजल्या. अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी राहिले, पुढे मुंबईत राहिले, आणि केसरबाई-मोगूबाईंच्या गळ्यातून गोव्या-महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. म्हणजे मंचासमोर साथीला खरा खाँसाहेब बसलेला आहे. आपल्यातलाच आहे, पगारपत्रकावर त्याचे नाव आहे, दौऱ्यात एकाच मुक्कामी उतरतो आहे. आणि मंचावर मात्र मुसलमान आला की तो दूरदेशीचा! या दोघांची गाठ मराठी नाटककाराने फारशी घालून दिली नाही.

इथे ‘कट्यार काळजात घुसली’चा विचार करावाच लागतो, कारण मराठी प्रेक्षकाने एखाद्या मुसलमान पात्रावर जीव ओवाळून टाकला असेल तर तो खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्यावर. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली आले. अभिषेकीबुवांचे संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब यांनी ते अजरामर केले. हे पात्र मुळीच ठोकळेबाज नाही, हे आधी स्वच्छपणे सांगायला हवे. खाँसाहेबांना अहंकार आहे, घराण्याची खुन्नस आहे, आणि कलेपुढे नमण्याचे मोठेपणही आहे. मराठी रंगभूमीवर मुसलमान पात्राला एवढे अंतरंग फार थोड्या वेळा मिळाले. पण त्यांच्या आडनावाकडे पाहा. बरेलीवाले. ते परके आहेत. त्यांची उर्दू ही दागिन्यासारखी अंगावर घातलेली आहे. ती ऐकून प्रेक्षक ‘वाहवा’ करतो आणि त्याच वेळी निश्चिंत होतो, की हा मोठा माणूस असला तरी पाहुणा आहे. मिरजेचा, बेळगावचा, कोल्हापूरचा खाँसाहेब मराठीत बोलला असता आणि मराठीतच पंडितजींचा हेवा करता झाला असता, तर सामना घरातला झाला असता. तो जास्त जिव्हारी लागला असता.

२०१५ साली सुबोध भावे यांनी या नाटकाचा चित्रपट केला. सचिन पिळगावकरांनी खाँसाहेब उभे केले, गर्दी लोटली, गाणी घरोघरी वाजली. चित्रपट देखणा आहे. पण त्यात पंडितजींचा आवाज जातो तो खाँसाहेबांच्या पत्नीच्या कृत्याने. दोन गायकींमधला झगडा घरातल्या कारस्थानापर्यंत खाली येतो, आणि सज्जन-दुर्जन अशी वाटणी नको तितकी सोपी होते. २०१५ चा प्रेक्षक १९६७ च्या प्रेक्षकापेक्षा कमी समजूतदार आहे, असे कोणी ठरवले? मला वाटते, अंदाज चुकलेला आहे. प्रेक्षक गाण्यासाठी आला होता. विष कालवलेले त्याने मागितले नव्हते.

ऐतिहासिक नाटकाबद्दल थोडक्यात उरकतो, कारण त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. तिथे दोन खण आहेत. एका खणात अफजलखान, दुसऱ्यात आग्र्याच्या कथेतला मदारी मेहतर. एक दगाबाज, दुसरा इमानी. आरमारातला दौलतखान, वकील काझी हैदर, पायदळातला नूरबेग ही नोकरीपेशाची, हिशेबी, कर्तबगार माणसे या दोन्ही खणांत बसत नाहीत, म्हणून मंचावर फारशी येत नाहीत. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, हे कळल्यावर अजूनही काहींचा चेहरा गोंधळतो. दुसऱ्या खणाबद्दल आपणही सावध असले पाहिजे. ‘इमानी मुसलमान’ हाही ठोकळाच आहे, फक्त त्यावर मुलामा चढवलेला आहे. ज्याला आपले इमान पदोपदी सिद्ध करून दाखवावे लागते, त्याच्यावर संशय आधीच घेतलेला असतो.

या सगळ्याच्या विरुद्ध बाजूला एकच माणूस उभा करायचा तर मी शाहीर अमर शेख यांना उभे करीन. बार्शीत १९१६ साली जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल. गाडीवर क्लीनर म्हणून राबलेला, बार्शीच्या गिरणीत घाम गाळलेला. मुंबईत आल्यावर १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभे राहिले, आणि लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड इथल्या मैदानांत त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. तिथला श्रोता कोण होता? मालवणचा, संगमेश्वरचा, साताऱ्याचा, जुन्नरचा. खाणावळीत जेवणारा, पाळीनुसार एकाच खोलीत आलटूनपालटून झोपणारा. साचेखात्यात मराठ्यांबरोबर मदनपुऱ्याचे जुलाहे मोमीन विणकरही होते. हा श्रोता एकजिनसी नव्हता. सातारी घाटी कोकण्याला हसत असे, कोकणी घाट्याला. कामगाराचाही ठोकळा पुढाऱ्यांनी तयार केलेला होताच; त्याला अडाणी, दारुडा, तमाशाचा शौकीन म्हणत, म्हणून त्याच्यासाठी सोपे आणि उथळ लिहावे अशी शहाण्यांची समजूत. कलापथकाने हा ठोकळा मोडला. त्यांनी तमाशाचा बाज घेतला, कारण तो श्रोत्याच्या अंगात भिनलेला होता; आणि त्या बाजातून बंगालचा दुष्काळ, स्टालिनग्राड, साठेबाजी असे विषय मांडले. श्रोत्याला काय आवडते ते त्यांनी ओळखले आणि तिथेच न थांबता त्याला काय पेलेल याचाही अंदाज घेतला. माझ्या मते श्रोत्याचा अभ्यास याला म्हणतात.

आणि अमर शेखांचे मुसलमानपण? ते त्यांनी झाकले नाही, मिरवलेही नाही. नावातच ते होते: एक शब्द इकडचा, एक तिकडचा, दोन्ही मिळून एक माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिवाजी पार्कवर डफ कडाडला आणि तो पहाडी आवाज उठला, तेव्हा समोरच्या अफाट गर्दीला महाराष्ट्र म्हणजे काय हे एक शेख गाऊन सांगत होता. १९६१ च्या ‘प्रपंच’ या चित्रपटात त्यांनी गरीब कुंभाराची भूमिका केली. कुंभाराच्या कामाला हा मुसलमान कसा, असे कोणाला वाटले नाही. त्याच सुमारास पडद्यावरचे मुसलमान पात्र मात्र ‘अरे ओ काफर’ करीतच होते. खरा मराठी मुसलमान कुंभार होऊन पडद्यावर आला तर चालतो, मुसलमान होऊन आला तर त्याला पठाणी पोशाख चढवावा लागतो. हा गुंता मराठी समीक्षेने नीट सोडवलेला नाही. १९६९ साली अपघातात शाहीर गेले. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मधून स्वतःची कहाणी सांगितली, आणि तीही कोणत्याही खणात बसत नाही.

गंमत अशी की शहराने जे जमवले नाही ते खेड्यावर लिहिणाऱ्यांनी केव्हाच केले होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये ‘मुलाण्याचा बकस’ आहे, ‘तांबोळ्याची खाला’ आहे. नावांतच सगळे आले. मुलाणी, तांबोळी हे गावगाड्यातले धंदे. रामोशी, चांभार, मैलकुली, मास्तर यांच्या रांगेत बकस आणि खाला बसलेली आहेत; त्यांच्यासाठी वेगळी चटई अंथरलेली नाही. १९६५ साली हमीद दलवाईंची ‘इंधन’ आली आणि चिपळूणकडच्या मुसलमान वस्तीतले ताणतणाव आतून दिसले. त्या कादंबरीबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण तिच्यातली माणसे बरेलीहून आलेली नाहीत हे तर खरे! आणि अगदी अलीकडे, २०१६ च्या ‘सैराट’मध्ये नागराज मंजुळे यांनी सल्या दाखवला. सलीम शेख. करमाळ्याकडचे अस्सल मराठी बोलतो, विहिरीत उड्या मारतो, मित्राच्या प्रेमात चिठ्ठ्या पोचवतो, मारही खातो. त्याच्या मुसलमान असण्याची ओळख करून द्यायला एकही दृश्य खर्च झालेले नाही. महाराष्ट्रभर तो चित्रपट ज्या गर्दीने पाहिला त्या गर्दीला सल्या समजला नाही, अशी तक्रार मी तरी ऐकलेली नाही. ‘लोकांना समजणार कसे?’ या जुन्या सवालाचे उत्तर तिकीटखिडकीनेच दिले.

मग शहरी रंगभूमीचे घोडे कुठे अडले? एक कारण नाटकाबाहेरचे आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मध्य मुंबईतल्या मिश्र वस्त्यांतून कित्येक मुसलमान कुटुंबे उठली, मुंब्र्याला किंवा आणखी कुठे गेली. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली. चाळीतल्या खोल्या कोणी कोणाला विकल्या याची मोजदाद करणे त्याचे काम नव्हते. ज्या शेजारामुळे एकमेकांची बोली कानावर पडत होती तो शेजार गेला. त्याआधी १९८२ च्या संपाने गिरणगाव मोडलेच होते. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने एका धुरी कुटुंबाच्या खोलीतून ती पडझड मराठी रंगभूमीवर आणली, आणि फार ताकदीने आणली. तसे मदनपुऱ्यातल्या एखाद्या विणकराच्या खोलीचे नाटक मात्र लिहायचे राहिले. ते जयंत पवारांनी का लिहावे? ते आपण लिहायला हवे होते. परळचे दामोदर नाट्यगृह, जिथे कामगार रंगभूमी वाढली, २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. आता लिहिलेच तर करायचे कुठे हाही प्रश्न आहेच.

दुसरे कारण आपल्या घरातले. कोकणी मुसलमानांनी मुलांना उर्दू शाळांत घातले, त्याला त्यांची कारणे होती आणि ती सगळीच चुकीची नव्हती. पण त्यामुळे मराठी नाटकाच्या खुर्चीतला परकार हळूहळू उठून गेला. खुर्ची रिकामी दिसली तेव्हा निर्मात्याला बहाणाही मिळाला.

आणि जे आपण मराठीत लिहितो, त्यांचे काय? १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून कथा-कविता-आत्मकथने बरीच आली. ती वाचताना एक खोड सारखी दिसते. ‘अम्मीने दस्तरखान (जेवणाची चादर) अंथरला.’ ‘फुफू (आत्या) आली.’ हे कंस कोणासाठी? बार्शीच्या, महाडच्या, नांदेडच्या मुसलमान वाचकाला त्यांची गरज नाही. म्हणजे लिहिताना आपल्याही डोळ्यांसमोर दादरचा तो पहिल्या पाच रांगांतला प्रेक्षक बसलेला आहे, आणि आपण त्याला आपले घर फिरून दाखवतो आहोत. त्याला बरे वाटावे म्हणून कथेत एक सुधारक तरुण, एक हट्टी मौलवी आणि एक रडणारी तलाकपीडिता ठेवतो. ही माणसे खोटी नाहीत. पठाण सावकार तरी कुठे खोटा होता?

मालवणी बोलीतल्या कथेत ‘झील’ येतो, ‘चेडू’ येते. कंस येत नाही. पुण्याचा वाचक अर्थ लावून घेतो, नाहीतर कोणाला तरी विचारतो. ‘फुफू’लाही तेवढा विश्वास दाखवायला हरकत नाही. यंदाच्या अंकासाठी कथा पाठवणाऱ्यांनी निदान एवढे करून पाहावे: कंस खोडून कथा पुन्हा एकदा वाचावी, आणि ती आपल्या खालाला वाचून दाखवावी. ती कुठे हसते आणि कुठे ‘असं कुठं असतं का रे?’ म्हणते, तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी.